जपानमधला पहिला पंधरवडा आणि पुढचे रविवार

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराबरोबर जपानला राहायला निघालेल्या मराठी माणसाला सर्वांत जास्त धास्ती असते ती भाषेची. प्रत्यक्षात पहिले दोन महिने अडते ते कामांच्या क्रमामुळे. पत्त्याची नोंद नसेल तर फोनची जोडणी मिळत नाही, फोन नसेल तर बँक खाते उघडत नाही आणि खाते नसेल तर पगार जमा होत नाही. हा क्रम एकदा नीट लावून घेतला, की उरलेले आयुष्य बऱ्यापैकी सुरळीत चालते आणि सुटीच्या दिवशी भटकायला मन मोकळे राहते. पुढील माहिती टोकियो आणि परिसरात राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली असली, तरी सरकारी कामांचे नियम देशभर जवळपास सारखेच आहेत.

निघण्यापूर्वी

औषधांची पिशवी भरताना सावध राहावे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे एका महिन्यापुरती सोबत नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील तर जपानच्या आरोग्य खात्याकडून आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून अधिक असलेली सर्दीची औषधे तेथे चक्क बंदी घातलेल्या पदार्थांत मोडतात, त्यामुळे घरातल्या सवयीच्या गोळ्यांची पाकिटेही उलटून वाचावीत. ताजा कढीपत्ता, फळे आणि बियाणे यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणून ते सामानातून नेण्याचा मोह टाळावा. हापूसच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवू नये, कारण जपानने भारतीय आंब्यावरची बंदी २००६ साली उठवली ती बाष्पप्रक्रिया आणि तपासणी होऊन अधिकृतपणे निर्यात झालेल्या फळांपुरती. मामाने बांधून दिलेल्या पेटीला ती सवलत नाही. कोरडे मसाले मात्र निर्धास्त न्यावेत.

मिक्सर नेऊ नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते आणि आपला २३० व्होल्टचा मिक्सर तेथे धड फिरत नाही. शिवाय टोकियोसह पूर्वेकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकासह पश्चिमेकडे ६० हर्ट्झ असा देशाच्या आतच फरक आहे. ११० व्होल्टचा मिक्सर मिळाला तर घ्यावा. प्रेशर कुकर घ्यायचा तो तळाला स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा, कारण बऱ्याच नव्या घरांत गॅसऐवजी विजेची शेगडी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तापतच नाही.

पत्ता, फोन, बँक

तीन महिन्यांहून अधिक काळाच्या व्हिसावर उतरणाऱ्यास नारिता, हानेदा, कानसाई यांसारख्या मोठ्या विमानतळांवरच निवासकार्ड दिले जाते. सोळा वर्षांवरील प्रत्येकाने हे कार्ड सतत जवळ बाळगणे बंधनकारक आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला जातानाही ते खिशात असावे. कार्डाच्या मागच्या बाजूस पत्त्यासाठी कोरी जागा असते. राहण्याचे ठिकाण पक्के झाल्यापासून १४ दिवसांच्या आत आपल्या भागाच्या कार्यालयात, म्हणजे टोकियोच्या २३ प्रभागांत ‘कुयाकुशो’ आणि इतर शहरांत ‘शियाकुशो’ येथे जाऊन तेथे पत्ता छापून घ्यायचा असतो. त्याच खेपेत राष्ट्रीय आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या खिडक्याही उरकून घ्याव्यात. कंपनीचा विमा असेल तर हे काम कंपनी करते, पण तसे आहे ना हे आधी विचारून घ्यावे. भारत आणि जपान यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी पाठवलेल्या आणि भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचे प्रमाणपत्र आणलेल्या कर्मचाऱ्यास जपानी निवृत्तिवेतनाची वर्गणी भरावी लागत नाही. हे प्रमाणपत्र भारतात असतानाच काढणे सोपे जाते.

नावाचा प्रश्न मराठी माणसाला जरा जास्तच छळतो. आपल्या पारपत्रात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध असते आणि निवासकार्डावर ते सगळे जसेच्या तसे उतरते, तर अर्जांतील चौकटी मात्र दोन-तीन अक्षरांच्या जपानी नावांच्या बेताने आखलेल्या असतात. त्यात बँक आणि विमा या दोन्ही ठिकाणी नाव काताकाना लिपीत लिहावे लागते. कुलकर्णींचे ‘कुरुकारुनि’ होते ते होऊ द्यावे, पण एकदा ठरवलेले लेखन एका कागदावर उतरवून ठेवावे आणि पुढे सर्वत्र अगदी तेच वापरावे. एका स्वरचिन्हाच्या फरकाने पगाराची रक्कम परत गेल्याची उदाहरणे भारतीय मंडळींत काही कमी नाहीत.

पत्ता छापून झाला की फोन घ्यावा. परदेशी क्रेडिट कार्ड स्वीकारणारी आणि दोन वर्षांच्या करारात न अडकवणारी स्वस्त योजना पहिल्या वर्षाला पुरेशी होते. फक्त ती नुसत्या इंटरनेटची नसून तिच्यात बोलण्यासाठीचा क्रमांक आहे याची खात्री करावी, कारण बँकेला तोच लागतो. बँकेच्या बाबतीत, जपानमध्ये येऊन सहा महिने झाल्याखेरीज अनेक बँका खाते देण्यास नाखूश असतात. त्या मानाने टपाल खात्यातून निघालेली जपान पोस्ट बँक नवख्या परदेशी माणसाला लवकर दाद देते. बँकेचे कार्ड नोंदणीकृत टपालाने घरी येते, म्हणून टपालपेटीवर आपले नाव लावणे हे वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे काम आहे. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेऊ शकतो. आपण घरी नसताना पोस्टमन पेटीत एक चिठ्ठी टाकून जातो. तिच्यावरील संकेतखुणेवरून फोनने किंवा संकेतस्थळावर हव्या त्या वेळी पुन्हा घेऊन येण्यास सांगता येते. पत्ता नोंदवल्यानंतर काही आठवड्यांनी टपालानेच १२ आकडी ‘माय नंबर’, म्हणजे आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक, कळवला जातो. २ डिसेंबर २०२४ पासून आरोग्य विम्याची जुनी कार्डे देणे थांबले असून त्यांची जागा माय नंबर कार्डाने घेतली आहे, त्यामुळे या कार्डासाठी लगेच अर्ज करून ठेवावा.

घर

भाड्याचे घर घेताना अनामत रकमेखेरीज मालकाला परत न मिळणारी भेट, दलालाची एका महिन्याच्या भाड्यापर्यंतची दलाली, हमी कंपनीचे शुल्क आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची रक्कम असे खर्च अंगावर येतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याचे डोळेच पांढरे होतात. परदेशी भाडेकरू नको म्हणणारे मालकही भेटतात, आणि दलाल ते अतिशय नम्रपणे सांगतो. या सगळ्याला सरळ उत्तर म्हणजे ‘यूआर’ या निमसरकारी संस्थेची घरे: तेथे भेट नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, नूतनीकरण शुल्क नाही, उत्पन्नाची किंवा शिलकीची अट पुरी केली की झाले. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई येथे भारतीय कुटुंबे एवढ्या संख्येने स्थिरावली त्यामागे हेही एक कारण आहे. तेथे वाणसामानाची भारतीय दुकाने आहेत, गणपती-दिवाळीला माणसे जमतात आणि २०१९ साली याच प्रभागाच्या सभागृहावर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे महाराष्ट्रात वाढलेले आहेत. मुलांच्या शाळेच्या दृष्टीने किंवा एकाकीपणाच्या भीतीने निशी-कासाईत राहणे समजण्यासारखे आहे. पण जपानी शिकायचे मनापासून ठरवले असेल तर दोन-चार स्थानके पलीकडे घर घ्यावे, असे माझे मत आहे.

घर ताब्यात घेण्याच्या दिवशी वीज आणि पाणी संकेतस्थळावरून सुरू करता येते, पण गॅस सुरू करताना माणूस घरी येतो आणि आपण हजर असावे लागते. ही वेळ आधी ठरवली नाही तर ऐन थंडीत एक-दोन दिवस गार पाण्याने अंघोळ करण्याची वेळ येते. स्वयंपाकघरातला पंखा फोडणीच्या आधी लावावा, कारण तेथील भिंती पातळ आणि सज्जे जवळजवळ असतात, आणि मिरचीचा ठसका शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत पोहोचला की तक्रार तुमच्याकडे न येता थेट इमारतीच्या व्यवस्थापनाकडे जाते.

शाकाहारी मंडळींची खरी अडचण मांसापेक्षा ‘दाशी’ची आहे. सुकवलेल्या बोनिटो माशाचे हे पाणी मिसो सूपमध्ये, सोबा या शेवयांच्या रश्शात, उकडलेल्या भाज्यांत, अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या तोफूच्या वाटीतही असते. भाताच्या त्रिकोणी गोळ्यात उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ, भरलेले असले तरी मसाल्यात माशाचा अर्क असू शकतो. पाकिटाच्या मागे अंडे, दूध, गहू, कोळंबी यांसारख्या ॲलर्जीच्या पदार्थांची नोंद सक्तीची असते, पण मांस आणि मासे त्या सक्तीच्या यादीत नाहीत. म्हणून घटकपदार्थांची पूर्ण यादी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचावी. डाळी, बासमती, हिंग, रवा यांसाठी शिन-ओकुबो आणि उएनोचा आमेयोको बाजार ही भरवशाची ठिकाणे आहेत.

कचरा

शेजाऱ्यांचे तुमच्याविषयीचे मत बनते ते कचऱ्यावरून. भागाच्या कार्यालयातून मिळणारे वेळापत्रक, बहुधा इंग्रजीतही असते, ते फ्रिजवर चिकटवावे. जळणारा कचरा साधारणतः आठवड्यातून दोनदा, पुनर्वापराचा एकदा आणि न जळणारा महिन्यातून एक-दोनदा नेतात. कचरा त्या दिवशी सकाळी आठच्या आत ठेवायचा असतो; आदल्या रात्री ठेवलेल्या पिशव्या पहाटे कावळे फोडतात, म्हणून ढिगावर जाळी नीट ओढून घ्यावी. प्लास्टिकच्या बाटलीचे झाकण काढायचे, भोवतीचे वेष्टन सोलायचे, आत पाणी घालून खळबळायचे आणि बाटली आडवी दाबायची; झाकण आणि वेष्टन प्लास्टिकात, बाटली वेगळ्या जाळीत. दुधाचा पुठ्ठ्याचा डबा धुऊन, कात्रीने उभा कापून, सपाट उलगडून वाळवायचा आणि गठ्ठा बांधून द्यायचा किंवा सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत टाकायचा. सुरुवातीला हे अतीच वाटते, पण महिन्याभरात हाताला वळण पडते. चकल्या-शंकरपाळ्यांचे उरलेले तेल मोरीत ओतणे हा सर्वांत मोठा अपराध होय. शंभर येनच्या दुकानात तेल गोठवणारी पूड मिळते. गरम तेलात ती टाकली की थंड झाल्यावर तेलाची वडी होते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते. गादी, कपाट यांसारख्या मोठ्या वस्तूंसाठी आधी नोंदणी करून, किराणा दुकानातून ठरलेल्या किमतीची चिकटपट्टी विकत घेऊन ती वस्तूवर लावावी लागते.

दवाखाना, कर, भूकंप

विम्यानंतर आपल्याला खर्चाच्या ३० टक्के रक्कम भरावी लागते, आणि टोकियोच्या २३ प्रभागांत अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांचा हा वाटाही प्रभाग उचलतो. तापासारख्या दुखण्याला घराजवळच्या लहान दवाखान्यात जावे. चिठ्ठीशिवाय थेट मोठ्या रुग्णालयात गेल्यास वरचे किमान ७,००० येन मोजावे लागतात. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक घरातल्या लहानथोर सर्वांना पाठ असावेत.

रहिवासी कर नव्या माणसाला हमखास गाफील गाठतो. तो आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर असतो आणि जूनपासून वसूल होतो, म्हणून पहिल्या वर्षी हातात येणारा पगार दुसऱ्या वर्षी एकदम घटल्यासारखा दिसतो. १ जानेवारीला जेथे पत्ता नोंदलेला असेल तेथे वर्षभराचा कर लागतो, त्यामुळे डिसेंबरअखेर कायमचे परतावे की जानेवारीत, याचा निर्णय घेताना हे ध्यानात ठेवावे. सुटीवर भारतात जाताना विमानतळावरच्या अर्जात ‘परत येणार’ या चौकोनात खूण करायला विसरू नये; ती केली की वर्षभराच्या आत वेगळ्या परवान्याशिवाय परतता येते.

भूकंपाची तीव्रता जपानमध्ये ‘शिंदो’ या मोजमापात सांगतात. ती ० पासून ७ पर्यंत असून ५ आणि ६ यांचे सौम्य-तीव्र असे दोन भाग पडतात. मोठ्या धक्क्यानंतर गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. घरातली सर्व उपकरणे बंद करून, वास येत नाही ना हे पाहून, मीटरवरचे बटण दाबावे आणि तीन मिनिटे थांबावे. गॅस पुन्हा सुरू होतो. तीन दिवसांचे पाणी आणि कोरडे खाणे घरी ठेवावे, आणि आपल्या भागातली आश्रयाची शाळा कोणती हे एका संध्याकाळी चालत जाऊन पाहून यावे.

रेल्वे

आगाऊ पैसे भरून ठेवायचे सुइका किंवा पास्मो हे प्रवासकार्ड जवळ असले, की बहुतेक शहरांत तिकिटाची चिंता उरत नाही. पाहुण्यांना दिलेला सल्ला आपल्याला लागू पडत नाही हे मात्र लक्षात असू द्यावे: जपान रेल पास हा अल्पकालीन पर्यटकांसाठी आहे आणि निवासी व्हिसावर राहणाऱ्या परदेशी माणसाला तो वापरता येत नाही. टोकियोच्या आसपास तीन दिवस भटकायचे असेल तर परदेशी पारपत्रधारकांना मिळणारा टोकियो वाइड पास पाहावा.

गाडी कोणती हे ओळखणे महत्त्वाचे. ‘काकुएकी’ किंवा ‘फुत्सू’ प्रत्येक स्थानकावर थांबते, ‘काइसोकू’ आणि ‘क्यूको’ मधली काही टाळतात. ‘तोक्यू’चा मात्र घोळ आहे: जेआर, म्हणजे जपान रेल्वेच्या तोक्यू गाडीला वेगळे जादा तिकीट लागते, तर केइओसारख्या खासगी कंपनीची साधी तोक्यू नेहमीच्या भाड्यातच नेते. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते आणि ती चुकली तर टॅक्सीचे भाडे सहलीच्या खर्चाहून जास्त होते.

कामाकुरा: पहिली सहल

पहिल्या रविवारसाठी मी कामाकुरा सुचवतो, कारण तेथे चालण्याचा क्रम नैसर्गिकपणे लागतो. टोकियो स्थानकाच्या तळघरातल्या फलाटावरून योकोसुका मार्गाची गाडी पकडावी आणि कामाकुराच्या आदल्या किता-कामाकुरा स्थानकावर, सुमारे तासाभरात, उतरावे. बहुतेक लोक पुढे जातात. त्यांना जाऊ द्यावे. स्थानकाबाहेर पडताच एंगाकु-जी हे १२८२ सालचे झेन मंदिर लागते, आणि रेल्वेचे रूळ त्याच्या आवारातूनच गेलेले दिसतात. समोरच्या अंगाला तोकेई-जी आहे. नवऱ्याच्या जाचातून पळून आलेल्या स्त्रियांना येथे आसरा आणि काही काळानंतर काडीमोड मिळत असे. तेथून वीसेक मिनिटे चालल्यावर १२५३ सालचे केंचो-जी, आणि पुढे उतारावर त्सुरुगाओका हाचिमान-गू हे शिंतो देवस्थान. रस्त्यात फार मोठी चढण नसल्याने लहान मुले आणि भारतातून आलेले आईवडीलही दमत नाहीत.

कामाकुरा स्थानकावरून एनोदेन या छोट्या गाडीने तिसऱ्या हासे स्थानकावर उतरून दहा मिनिटांत कोतोकु-इन येथील महाबुद्धापाशी पोहोचता येते. सुमारे सव्वाअकरा मीटर उंचीची ही कांस्यमूर्ती तेराव्या शतकातली असून तिच्यावरचे मंदिर कधीच नाहीसे झाले आहे, म्हणून ती उघड्यावर बसलेली आहे. थोडे पैसे देऊन मूर्तीच्या पोटात शिरता येते आणि ओतकामाचे जोड आतून हाताने चाचपता येतात. आवारात पुढे श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जे. आर. जयवर्धने यांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी तह करण्यासाठी भरलेल्या १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी धम्मपदातील ‘वैराने वैर शमत नाही’ हे वचन सांगून जपानकडून नुकसानभरपाई न मागण्याची भूमिका मांडली होती. बहुतेक पर्यटक तेथे थांबत नाहीत.

मंदिरांची प्रवेशशुल्के काही शे येनची असतात आणि ती बहुधा रोख द्यावी लागतात, म्हणून सुटी नाणी न्यावीत. बहुतेक मंदिरे चार-साडेचारला बंद होतात आणि डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. त्यामुळे नाश्ता आटोपून अकराला निघण्याची आपली पद्धत येथे कामाची नाही. आठची गाडी गाठावी आणि डब्यातली दशमी-चटणी वाटेत खावी. जूनमध्ये हायड्रेंजियाची फुले पाहायला जायचे असेल तर रजा टाकून मधल्या वारी जावे. शनिवार-रविवारी एनोदेनच्या फलाटाबाहेरच रांग लागते.

ताकाओ आणि निक्को

ताकाओ हा ५९९ मीटरचा डोंगर शिंजुकूहून केइओच्या गाडीने तासाभराच्या आत येतो. सिंहगड चढणाऱ्याला तो अवघड नाही. पहिल्या क्रमांकाची वाट फरसबंद असून तिच्यावर याकुओ-इन हे मंदिर लागते. सहाव्या क्रमांकाची वाट ओढ्याकाठाने जाते आणि पावसानंतर निसरडी होते. चढताना सहावी आणि उतरताना पहिली असा बेत ठेवावा. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाने रंगतात तेव्हा केबलकारची रांग पाहूनच पाय दुखतात, तेव्हा सरळ चालत जावे. कचऱ्याची पेटी वाटेत मिळत नाही. केळीच्या सालींसकट सारे घरी परत आणावे लागते.

निक्को आसाकुसाहून तोबू कंपनीच्या आरक्षित गाडीने जेमतेम दोन तासांवर आहे. तोकुगावा इएयासू या शोगुनचे, म्हणजे लष्करी सत्ताधीशाचे, देवस्थान तोशो-गू आणि ९७ मीटर उंचीचा केगोन धबधबा ही दोन्ही ठिकाणे एका दिवसात उरकण्याचा हट्ट ऑक्टोबरच्या सुटीच्या दिवशी करू नये, कारण धबधब्याकडे जाणारा इरोहाझाका हा वळणावळणांचा घाट गाड्यांनी तुंबतो आणि पाऊण तासाच्या प्रवासाचे तीन तास होतात. एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतचा ‘गोल्डन वीक’ हा सलग सुट्यांचा आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण या काळात टोकियोबाहेर जाऊच नये. त्या दिवसांत रिकामे होते ते टोकियोच.

शहरातल्या अर्ध्या दिवसासाठी

लांब जायचा कंटाळा असेल तर आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या टेकडीवरच्या मंदिरात जावे. येथील देवता कांगितेन म्हणजे बौद्ध परंपरेतून जपानला पोहोचलेला गणपती. मूर्ती कोणालाही दाखवत नाहीत आणि नैवेद्य मोदकांचा नसून पांढऱ्या मुळ्याचा असतो. तो तेथेच विकत मिळतो. शिबामाता येथील ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, आणि कामाकुराहून एनोदेनने पुढे गेल्यास लागणाऱ्या एनोशिमा बेटावरची बेंझाइतेन म्हणजे वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य हाती घेतलेली सरस्वती. गणेशोत्सवात घरी पाहुणे आले, तर त्यांना हे तिन्ही दाखवण्यासारखे आहे.

सहलीत वस्तू हरवली तर घाबरू नये. गाडीत राहिलेली पिशवी कोणत्या मार्गावर, कितीच्या गाडीत आणि कितव्या डब्यात राहिली हे स्थानकावर सांगितले की शोध सुरू होतो, आणि ती बहुधा सापडते. निवासकार्डच हरवले असेल तर मात्र आधी जवळच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा, आणि कार्ड हरवल्याचे लक्षात आल्यापासून १४ दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात पारपत्र, छायाचित्र आणि तो क्रमांक घेऊन नव्या कार्डासाठी अर्ज करावा.